बसला एकदाचा बॅलन्सर
आर्वीजवळ मामाजीच्या वाड्यातली १९५४ ची शेवरलेट बेल एअर, सहा सिलिंडर, २३५ क्युबिक इंचाचं इंजिन, दोन महिने झाले रेडिएटर काढून उभी होती, हार्मोनिक बॅलन्सरचं रबर चिरून बाहेरची रिंग लंगडी फिरत होती. लोकं त्याले नुसती पुली समजतात, पण क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचा, पीळ, थरथर तोच जिरवते. परवा नवा आला. गंमत अशी का या क्रँकच्या तोंडाले बोल्टचं भोकच नाही बे, नुसता घट्ट दाबून बसते! मी हातोडा उचलला तं मामाजी खेकसले, "रिंगले मारशीन तं रबर जाईन." मग चुलीवरच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बॅलन्सर अर्धा तास. मामी म्हणे, काय शिजवून राहिले बाप्पा? तेल अडवणाऱ्या सीलला तेल, क्रँकवरची चावी (लोखंडी पट्टी) खाचेत, फडक्यानं धरून ढकलला तं अर्धा सरकन गेला, बाकी हबवर, म्हणजे मधल्या भागावर, पाईप अन् सागाचा ठोकळा ठेवून हलके हलके, आवाज बदलून ठण्ण आला तेव्हा थांबलो. संध्याकाळी रेडिएटर चढवून सेल्फ मारला. मडगार्डवर ठेवलेली कपबशी वाजली नाही. पातेलं मात्र मामीनं अंगणात फेकलं, नवीन आणा म्हणते.