गुलाब उठले, कार्नेशन नाही

परवा एक बाई ओल्या कागदात गुंडाळलेला गुच्छ परत घेऊन दुकानात आल्या. दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडून नेलेला. 10 गुलाब, 6 कार्नेशन. गुलाबांनी माना टाकलेल्या, कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटलेल्या. मी दांडीच्या टोकावरून बोट फिरवलं. बुळबुळीत. "ताई, पाणी बदललंच नाहीत ना?" दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती. बाई ओशाळल्या.

गुलाबांच्या बाबतीत माझं खरं होतं. पाण्यात बुडालेली पानं कुजतात, जिवाणू माजतात आणि दांडीतल्या पाणी ओढणाऱ्या बारीक नळ्या चोंदतात. मग फुलाखालची कोवळी मान सगळ्यात आधी वाकते. खालची ती पानं गुच्छ बांधतानाच काढायला हवी होती. आमच्या पोराला हे किती वेळा सांगितलंय! त्याला फक्त रिबीन छान बांधता येते.

बाईंना म्हटलं, तासा-दीड तासानं या. टबात कोमट पाणी घेतलं आणि दांड्या पाण्यातच धरून 2-3 सेंटीमीटर तिरक्या कापल्या. बाहेर कापलं की नळीत हवा शिरते आणि पाणी अडतं. कात्री मी वापरत नाही, बोथट असली की नळ्या चेंगरते. धारदार सुरीच लागते. मग माना सरळ करून फुलं कागदात घट्ट गुंडाळली आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभी केली. कागद सोडला तेव्हा 10 पैकी 8 ताठ होते. बाहेरची पाकळी दाबून पाहिली तर टणक लागली. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मला फार बरं वाटतं.

कार्नेशनचंही सगळं तसंच केलं होतं. ती ढिम्म.

बाई परत आल्या तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "फुलदाणी ठेवली कुठे होती?" टेबलावर, फळांच्या टोपलीला लागून. टोपलीत पिकलेली केळी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. पाकळ्या एकदा आत वळल्या की उघडत नाहीत. त्यांनी रोज पाणी बदललं असतं तरी ही गेलीच असती.

शेतावरच कार्नेशनच्या दांड्या सिल्व्हर थायोसल्फेटच्या द्रावणात ठेवल्या तर हा धोका बराच टळतो. आमच्याकडे येणाऱ्या पेट्यांवर तसं काही लिहिलेलं नसतं, आणि माल घेताना आम्हीही विचारत नाही. गिऱ्हाइकाला "पाणी बदला" सांगितलं की आमचं काम झालं! फळांपासून लांब ठेवा, हे त्यांना मी कधी सांगितलं होतं?

"म्हणजे ही पाण्यानं नाही गेली?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मघाशी उगाच बोलले तुम्हाला."

ती चार गिऱ्हाइकं तोवर निघून गेली होती.