गांधार जरा खाली

अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या आमच्या सेंट ओलाफ कॉलेजच्या स्मरणिकेसाठी लिहा, जमलं तर आपल्या भाषेत लिहा, शेजारी इंग्रजी भाषांतर छापू, असं पत्र आलं. छापोत बापडे. मराठी वाचणारे ओली, म्हणजे सेंट ओलाफचे विद्यार्थी, आपल्यात असे किती असणार? माझ्या वेळी कॉलेजच्या टेकडीवर मी एकटाच होतो. तेव्हा मोकळेपणाने लिहितो. आणि आधीच सांगून टाकतो, कॉलेजच्या दीडशे वर्षांबद्दल यात फारसं काही नाही. १८७४ साली नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मूस पाद्रींनी काय काय खटपटी केल्या, हे दुसरं कोणीतरी लिहीलच. मला बाईंबद्दल लिहायचं आहे.

नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. माझ्या आगेमागे ज्यांनी गणितातलं रिअल ॲनालिसिस घेतलं त्यांना कळेल. डस्टर समोर असताना स्वेटरच्या बाहीने फळा पुसणाऱ्या त्या बाई.

मी १९९३ च्या ऑगस्टमध्ये मिरजेहून आलो. घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. वडील बँकेत कारकून, गाण्याचा घरात काही संबंध नाही. पण अभ्यासाला बसलं की खाली कोणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत असायचं. तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायची, ऐकायचं, पुन्हा दोरा सरकवायचा. तासन् तास. वैताग यायचा. कानात काय मुरतंय हे तेव्हा कुणाला ठाऊक!

माझा रूममेट दुधाच्या धंद्यातल्या घरचा, सहा फूट तीन इंच. पहिल्याच आठवड्यात त्याने मला व्हायकिंग कोरसच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या गायकवृंदाच्या, चाचणीला ओढून नेलं. जे वाजवलं ते मी गाऊन दाखवलं, म्हणून घेतलं. मग हातात स्टाफ नोटेशनचे कागद आले आणि मी निरक्षर ठरलो. यावर उपाय म्हणजे रूममेट ओळ वाजवायचा आणि मी त्या काड्या-ठिपक्यांखाली पेन्सिलीने सा रे ग म लिहायचो. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "गणित शिकायला पाठवला आणि भजनी मंडळात शिरला!" तिकडे मुलाला बाटवतील अशी त्यांना धास्ती होती. बाटवलं कोणी नाही. रोजच्या चॅपलला मी ऑर्गन ऐकायला मागच्या बाकावर बसायचो, कोणी कधी विचारलंही नाही. डिसेंबरात लुटेफिस्क मात्र खायला लावलं. क्षाराच्या पाण्यात फुगवलेला तो थरथरता वाळका कॉड मासा मी एकदाच खाल्ला. लेफ्सेवर कितीही दिवस काढले असते. लोणी-साखर लावलेली बटाट्याची पोळीच ती.

तर एकदा ॲनालिसिसच्या तासाला वहीतून तो कागद पडला. बाईंनी उचलला. ही कुठली चिन्हं? सांगितलं. म्हणाल्या, "गुरुवारी चारला ख्रिस्तियान्सन हॉलमध्ये ये, मी तुला वाचायला शिकवते." त्या गावातल्या चर्चमध्ये आल्टो गायच्या हे मला तेव्हा कळलं. सहा गुरुवार त्यांनी माझ्यासाठी घालवले. कागदी पेल्यात कॉफी, पियानो आणि मी.

तिसऱ्या गुरुवारी भांडण झालं. एका गाण्यात आम्हा बॅरिटोनना शेवटचा सूर लांब धरायचा होता, आणि तो गांधार, म्हणजे ग, होता. बाई पियानोवर वाजवायच्या, मी गायचो, त्या म्हणायच्या, खाली आहेस. चार वेळा झालं. पाचव्यांदा मी, अठरा वर्षांचं पोरगं, म्हणालो, "मी बरोबर आहे. पियानो वर आहे."

मला वाटलं आता संपलं. त्या काही बोलल्या नाहीत. सा आणि ग एकत्र दाबून धरले आणि म्हणाल्या, ऐक. मग मलाच ऐकू आलं. सुरात बारीक थरथर होती, दुरून मोटार चालू असावी तशी. मग त्यांनी नुसता सा धरला आणि मला ग गायला लावलं. गायलो, किंचित सरकलो, आणि थरथर थांबली. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

बाई उठल्या, फळ्यावर दोनचं बारावं मूळ लिहिलं. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की गांधार १.२५९९ पटीवर येतो. खरा, ५/४ चा, १.२५ वर. फरक चौदा सेंटचा; सेंट म्हणजे पियानोच्या दोन लागोपाठच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पियानोच्या मधल्या सी-ला सा धरून हिशोब केला तर सा आणि पियानोचा ग यांच्या हार्मोनिक्समध्ये, म्हणजे प्रत्येक सुरात दडलेल्या वरच्या सुरांमध्ये, सेकंदाला दहा ठोके पडतात. तीच ती मोटार. "पियानो चुकलेला नाही," त्या म्हणाल्या, "त्याने सगळ्या पट्ट्यांना सांभाळून घेण्यासाठी तडजोड केलीय. तू कशाला करतोस?"

मी मिरजेचं सांगितलं. तंबोऱ्यात गांधाराची तार नसते, तरी जवारी जमली की षड्जाच्या तारेतून तो आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे नेमका ५/४. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं हार्मोनियमला बंदी घातली होती, त्यामागे हेही एक कारण होतं, हे ऐकून बाई इतक्या हसल्या की कॉफी कागदावर सांडली. "चौदा सेंटसाठी सरकारी बंदी!" पुढे वर्षभर हे त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

मग त्यांनी मला समजावलं की कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या एफ. मेलियस ख्रिस्तियान्सन यांनी १९१२ मध्ये कॉलेजचा क्वायर, म्हणजे गायकवृंद, उभा केला तो बिनवाद्याच्या गाण्यावर, आणि वाद्य बाजूला झालं की गळे आपोआप शुद्ध सुराकडे उतरतात. आपलं नॉर्वेजियन-लूथरन टेकडीवरचं गाणं आणि आमच्या गल्लीतला तंबोरा यांची गाठ मला त्या फळ्यावर पडली. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही कदाचित. मला अजून वाटतं.

कॉलेजचा ख्रिसमस फेस्टिव्हल गुरुवार ते रविवार, स्कोग्लुंड या क्रीडाभवनात. बास्केटबॉलच्या मैदानावर पाचशे गाणारे-वाजवणारे, समोर नुसते नॉर्वेजियन स्वेटर. रविवारी तो शेवटचा सूर आला. माझ्या उजवीकडच्या मुलाला मी सहा आठवडे कोपराने ढोसून खाली आणला होता, त्याने त्याच्या शेजाऱ्याला. बाहेर बर्फात बाई भेटल्या. कौतुक वगैरे नाही. विचारलं, "ठोके?"

"नव्हते."

"छान," म्हणाल्या आणि गाडीवरचा बर्फ खरवडायला लागल्या.

आता मी पुण्यात विमा कंपनीत ॲक्च्युअरी आहे. रविवारी कोथरूडमध्ये आम्ही चौदा जण पेटीशिवाय गातो. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने बोलावलं होतं, हॉल भरला होता, हे जाता जाता सांगून घेतो. उम् या या हे कॉलेजचं गाणं तीन मात्रांत असल्यामुळे आमचा तबलजी त्याला दादरा लावतो आणि फार छान लागतो. २०१६ साली टेकडीवर आलो होतो. आम्ही जेवायचो त्या इमारतीत आता नाच आणि चित्रकला. गणित रीजंट्स हॉलमध्ये, सगळं काचेचं आणि लख्ख, पांढऱ्या फळ्यांचं. पांढरा फळा बाहीने पुसला तर बाही वाया जाते, बाईंचं इथे कसं झालं असतं, असं मनात आलं. पवनचक्की छान आहे. ओलसर दिवशी गावातल्या मॉल्ट-ओ-मीलच्या, म्हणजे नाश्त्याच्या धान्याच्या कारखान्याचा, वास मात्र तोच.

फोटो मागितलाय. माझा नको. तो कागद पाठवतो आहे. शेवटच्या सुराखाली पेन्सिलीने 'ग' आहे, तो बाईंनी माझं बघून काढलेला, उभी काठी चुकून डावीकडे. पुढे त्यांच्याच अक्षरात 'उणे १४'. वरच्या कोपऱ्यात कॉफीचा डाग आहे, छापताना तो कापू नका.