५.३ गुणांचा पॅच आणि मेंटेनन्स मोडमध्ये अडकलेला होस्ट

फेब्रुवारी २०२२मध्ये व्हीएमवेअरने आपल्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या सुरक्षा-त्रुटी जाहीर केल्या, त्यांपैकी सीव्हीई-२०२१-२२०५० या क्रमांकाच्या त्रुटीकडे फारसं कुणी बघितलं नाही. सीव्हीएसएस गुण (त्रुटी किती गंभीर ते दहापैकी सांगणारा आकडा) ५.३, आणि शेजारी यूएसबी कंट्रोलरच्या ८.४वाल्या त्रुटी. पण त्या वापरायला हल्लेखोराला आधी व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) आत ॲडमिन हक्क लागतात. इथे ईएसएक्सआयच्या (होस्ट म्हणजे सर्व्हरवर बसून व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मॅनेजमेंट पोर्टपर्यंत नेटवर्कने पोहोचलं की झालं, लॉगिनचीही गरज नाही. मोठा मजकूर येतोय असं सांगून पोस्ट रिक्वेस्ट उघडायची आणि बाइट थेंबाथेंबाने सोडायचे. अशी पुष्कळ कनेक्शन्स अडवून ठेवली की आरएचटीटीपीप्रॉक्सी, म्हणजे होस्टवर येणाऱ्या वेब रिक्वेस्ट घेणारी सेवा, नव्या कुणाला दाद देत नाही. व्हीएम चालू राहतात, म्हणून एचए (होस्ट बंद पडला तर व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू करणारी सोय) हलत नाही. फक्त होस्टवर आपला ताबा राहत नाही. मला हे ५.३ पेक्षा कितीतरी गंभीर वाटतं.

माझ्या होस्टवर या त्रुटीचा पॅच उतरवणं, बेसलाइन (लावायच्या पॅचची यादी) जोडणं, स्टेजिंग (पॅच आधीच होस्टवर नेऊन ठेवणं) हे सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते मेंटेनन्स मोडला, म्हणजे पॅचसाठी होस्टवरच्या व्हीएम दुसरीकडे हलवून तो रिकामा करताना. टास्क पुढे सरकेना आणि चूक म्हणून काही दाखवेनाही. टक्केवारीकडे बघत बसू नका. होस्टच्या व्हीएम टॅबमध्ये जा आणि मागे कोण उरलंय ते बघा. कारण तिथेच सापडतं.

माझ्याकडे दोन व्हीएम उरल्या होत्या. एकीला होस्टच्या लोकल डेटास्टोअरवरची (त्याच होस्टच्या डिस्कवरची) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशन सीडीची फाइल, जोडलेली. इन्स्टॉलेशन झाल्यावर ती काढायची तसदी कुणी घेतली नव्हती, याचा संताप अजून जात नाही. सीडी डिस्कनेक्ट केली तरी सुटेना, कारण गेस्टने (व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने) ट्रे लॉक केला होता आणि व्हीएमच्या समरीवर ‘तरीही काढू का?’ हा प्रश्न उत्तराची वाट बघत होता. ‘हो’ म्हटल्याबरोबर व्हीएम हलली.

दुसरी जास्त चिवट. डेटाबेसच्या तीन व्हीएम, होस्टही तीनच, आणि त्या वेगवेगळ्या होस्टवरच राहाव्यात असा डीआरएसचा (व्हीएम होस्टांमध्ये वाटून देणाऱ्या सोयीचा) नियम. एक होस्ट रिकामा करायचा तर तिसरीला जागाच नाही! डीआरएस नियम मोडत नाही, नुसता थांबून राहतो. नियम तात्पुरता बंद केला तेव्हा वाट मोकळी झाली. काम संपल्यावर तो पुन्हा चालू करणं चेकलिस्टमध्ये लिहूनच ठेवा, नाहीतर तिन्ही व्हीएम एकाच होस्टवर जमू शकतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. डीआरएस मॅन्युअलवर असेल तर आणखी एक अडचण: शिफारसी तयार होतात, पण ‘अप्लाय’ दाबेपर्यंत काहीच होत नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पॅच लागेपर्यंत मॅनेजमेंट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवा आणि ईएसएक्सआयच्या फायरवॉलमध्ये वेब ॲक्सेसला मोजकेच आयपी द्या. त्यात व्हीसेंटर (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर) आणि बॅकअप सर्व्हर विसरलात तर हल्ल्याशिवायच बॅकअप बंद पडतील. होस्ट खरंच ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झाला, तर कन्सोलवर एफ२ दाबून ट्रबलशूटिंगमधून मॅनेजमेंट एजंट्स रीस्टार्ट करा, व्हीएम बंद करायची गरज नाही. मात्र आधी त्या कनेक्शन्सचा उगम तोडा, नाहीतर प्रॉक्सी पुन्हा तशीच भरेल.

रीबूटनंतर नुसतं ‘७.०’ बघून खूश होऊ नका, बिल्ड नंबर जुळवा. नवी इमेज बिघडलीच तर बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून जुनी परत आणता येते. पुढच्या होस्टला हात लावण्याआधी सगळ्या व्हीएमच्या आयएसओ काढून टाका.