खेडहून हुसैनीवालापर्यंत

पंजाबातल्या फिरोजपूरच्या हॉटेलात आम्ही रात्री नऊच्या सुमारास पोहोचलो. नोंदवहीत लिहून घेण्यासाठी व्यवस्थापकांनी बाबांचे आधार कार्ड हातात घेतले, पत्त्यावरून फिरणारी त्यांची नजर शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि त्यांनी हिंदीत विचारले, "राजगुरूनगर म्हणजे राजगुरूंचे गाव?" बाबा हो म्हणाले. राजगुरूनगर म्हणजेच आमचे खेड. त्यावर त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग उरलेली नोंद पूर्ण केली. अठराशे किलोमीटरच्या प्रवासात आमच्या गावाच्या नावापुढे "पुण्याजवळ" अशी पुस्ती जोडावी लागली नाही, असे हे पहिलेच ठिकाण होते.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दरवर्षी २३ मार्चला ते मुलांना भीमेच्या काठावरच्या राजगुरू वाड्यात घेऊन जात आणि शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी ज्या घरात झाला ते घर दाखवून सारी हकिगत सांगत. संस्कृत शिकण्यासाठी काशीला जाणे, क्रांतिकारकांशी झालेली ओळख, १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यावर झाडलेली पहिली गोळी, पुढल्या वर्षी पुण्यात झालेली अटक आणि १९३१मध्ये लाहोरच्या तुरुंगातील फाशी, असा तो क्रम आम्हा भावंडांना पाठ होता. मात्र त्यांची हकिगत फाशीपाशी संपत असे. पुढे देहांचे काय झाले हे बाबा एका वाक्यात आटोपत, कारण ते ठिकाण, सतलजकाठचे हुसैनीवाला, त्यांनी पाहिलेले नव्हते आणि न पाहिलेल्या जागेविषयी मुलांपुढे फार बोलू नये, असे त्यांना वाटे. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२३मध्ये, ते स्वतःहून म्हणाले, "एकदा हुसैनीवाला पाहून येऊ." धाकट्या भावाने आठ दिवसांची रजा काढली आणि खेडच्या वाड्यासमोरूनच गाडी सुरू केली.

खरे तर मुंबईहून थेट फिरोजपूरला जाणारी पंजाब मेल आहे. १९१२पासून धावणारी ही गाडी फाळणीपूर्वी लाहोरवरून पार पेशावरपर्यंत जात असे. आता तिचा प्रवास फिरोजपूर छावणीच्या स्थानकात संपतो. बाबांना मात्र रस्त्याने जायचे होते. आम्ही नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर असे मुक्काम करीत सीकरच्या पुढे वाळवंटाच्या कडेला लागलो. या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही, कारण आमचा बराचसा वेळ मालमोटारींच्या मागे गेला. हनुमानगढ आणि श्रीगंगानगरच्या भागात मात्र देखावा एकदम पालटला. कालपर्यंत खेजडीची विरळ झाडे आणि वाळू होती, तिथे आता दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेते, पिवळी मोहरी आणि काठोकाठ भरलेले कालवे दिसू लागले. अबोहरजवळ रस्त्याकडेला किन्नू संत्र्यांचे ढीग रचलेले होते. हे पाणी कोठून येते, असा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी हुसैनीवालात समोर उभे राहिले.

फिरोजपूर शहरापासून हुसैनीवाला दहा-अकरा किलोमीटरवर आहे. गाव म्हणावे तर वस्ती अगदी थोडी. धाबे, सीमा सुरक्षा दलाच्या चौक्या, युकलिप्टसच्या रांगा आणि मग सतलजवरचे हेडवर्क्स, म्हणजे नदी अडवून कालव्यांत पाणी सोडणारा दरवाजांचा लांबलचक बंधारा. बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी आपल्या कोरड्या संस्थानासाठी जो गंग कालवा नेला आणि ज्याचे उद्घाटन १९२७मध्ये झाले, तो येथूनच निघतो. आदल्या दिवशी आम्ही जी हिरवी शेते पाहत आलो त्यांतली श्रीगंगानगरकडची शेते या कालव्यावर उभी होती.

या बंधाऱ्यापायीच फिरोजपूर भारतात राहिले, असे मानणारे अभ्यासक आहेत. सीमारेषा आखण्याचे काम सिरिल रॅडक्लिफ यांच्याकडे होते. ऑगस्ट १९४७च्या दुसऱ्या आठवड्यात पंजाबच्या गव्हर्नरकडे जो नकाशा पोहोचला, त्यात फिरोजपूर आणि झिरा हे दोन तालुके पाकिस्तानात दाखवलेले होते. १७ ऑगस्टला निवाडा प्रसिद्ध झाला तेव्हा ते भारतात आलेले होते. मधल्या काळात बिकानेर संस्थानाने आपला कालवा वाचवण्यासाठी दिल्लीत रदबदली केली होती, हेही नोंदलेले आहे. दुसऱ्या बाजूचीही गोष्ट येथे उभे राहून आठवली पाहिजे. याच बंधाऱ्यातून पाकिस्तानातील दीपालपूर कालव्याला पाणी जात असे आणि १ एप्रिल १९४८ रोजी ते भारतातील पूर्व पंजाबने बंद केले. त्या वादातून निघालेली वाट पुढे १९६०च्या सिंधू पाणीवाटप करारापर्यंत गेली. नदीचा नुसता प्रवाह पाहून यातले काहीच कळत नाही, बाबा त्या दरवाजांकडे बराच वेळ पाहत उभे होते आणि मग म्हणाले, "मी हे कधी शिकवलेच नाही."

पूल ओलांडला की डावीउजवीकडे बाग, रुंद पायवाट आणि पुढे स्मारक. २३ मार्च १९३१च्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेच्या जवळजवळ अर्धा दिवस आधी, भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी दिली गेली. बाहेर जमणाऱ्या लोकांची धास्ती घेतलेल्या अधिकाऱ्यांनी तुरुंगाच्या मागच्या बाजूने देह बाहेर काढले, रात्रीतून सतलजच्या या निर्जन काठावर आणून घाईने अग्नी दिला आणि पूर्ण जळण्याआधीच अवशेष नदीत लोटले. राजगुरू तेव्हा २२ वर्षांचे होते. बाबांनी चपला काढल्या, समाधीपुढे उभे राहिले आणि शाळेत म्हणत तसे तिघांची पूर्ण नावे सावकाश उच्चारली. "शिवराम हरी राजगुरू" हे शब्द त्या पंजाबी हवेत मराठी उच्चारांनी ऐकताना माझे डोळे भरून आले. शेजारी बटुकेश्वर दत्त यांची समाधी आहे. १९२९मध्ये भगतसिंगांसोबत दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकणारे दत्त स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे जगले आणि १९६५मध्ये वारले. आपल्या साथीदारांजवळच आपल्याला अग्नी द्यावा, ही त्यांची इच्छा होती. भगतसिंगांच्या आई विद्यावती यांच्यावरही १९७५मध्ये याच ठिकाणी अंत्यसंस्कार झाले.

ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट आम्हाला येथे आल्यावरच नीट समजली. १९४७च्या रेषेने ही जागा पाकिस्तानात टाकली होती. फिरोजपूर आपल्याकडे, बंधारा आपल्याकडे, पण पलीकडच्या काठावरची चितेची जागा मात्र सीमेपार, अशी स्थिती तेरा-चौदा वर्षे राहिली. जानेवारी १९६०मध्ये दोन्ही देशांत पश्चिम सीमेच्या काही तंट्यांवर करार झाला, त्यात हुसैनीवाला आणि सुलेमानकी या दोन्ही बंधाऱ्यांजवळची जमीन होती. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष अदलाबदल झाली. फाजिल्का भागातील सुलेमानकी बंधाऱ्याजवळची १२ गावे भारताने दिली आणि हा काठ घेतला. आम्ही आदल्या दुपारी फाजिल्क्याला थांबून जेवलो होतो. तेथून सीमा जवळ आहे एवढेच आम्हाला ठाऊक होते. समाधीची ही जागा आपल्या वाट्याला आली ती बारा गावांच्या बदल्यात, त्या गावांतली घरे, विहिरी, शेते आणि स्मशाने यांच्या बदल्यात, हे खेडमध्ये कोणीही बोलत नाही. राजगुरूंचा वाडा आमच्या गावात आहे, म्हणून ही नोंद आमच्या गावाने तरी ठेवायला हवी, असे मला त्या क्षणापासून वाटते आहे.

जागा मिळाली तरी ती निर्धास्त राहिली नाही. १९६८मध्ये स्मारक बांधले गेले आणि ३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी येथे लढाई पेटली. १५ पंजाब या पलटणीने चिवट झुंज दिली, पण नदीपलीकडचा हा भाग पाकिस्तानी सैन्याच्या हाती गेला आणि स्मारकातील पुतळे उचलून नेण्यात आले. सैन्य पुढे येऊ नये म्हणून पुलाचा एक भाग आपल्याच सैनिकांनी उडवला होता. युद्धानंतर हा भाग परत मिळाला आणि १९७३मध्ये स्मारक पुन्हा उभारले गेले. पुलाची कहाणी अधिक लांबली. सैनिकी बेली पुलावरून, म्हणजे लोखंडी भाग जोडून उभारलेल्या तात्पुरत्या पुलावरून, कित्येक दशके वाहतूक चालल्यावर ऑगस्ट २०१८मध्ये कायमचा पूल खुला झाला.

स्मारकापासून जवळच रेल्वेचे रूळ संपतात. एके काळी ही वाट कसूरवरून लाहोरला जात होती. आता २३ मार्च आणि वैशाखीच्या मेळ्यांसाठी फिरोजपूरहून खास गाड्या येथपर्यंत येतात, एरवी रुळांवर गवत असते. कसूर येथून फार दूर नाही. सूफी कवी बुल्ले शाह यांचा दर्गा तेथे आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातील कसुरी मेथीचे नाव याच गावावरून पडले. आईच्या फडताळातला तो डबा मी रोज उघडते आणि त्यावरचे नाव एवढ्या जवळच्या, तरीही जाता न येणाऱ्या गावाचे आहे, हे मला चाळिसाव्या वर्षी कळले.

संध्याकाळी झेंडे उतरवण्याचा सोहळा पाहिला. अमृतसरजवळच्या अटारी सीमेवर हजारोंची गर्दी असते आणि पलीकडची माणसे ठिपक्यांसारखी दिसतात. येथे दोन्हीकडचे बसण्याचे ओटे इतके जवळ आहेत की समोरच्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. पलीकडचे गाव गंडासिंहवाला. तेथे बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. घोषणा सुरू असताना ते गप्प होते, बाबाही गप्प होते. दोन्ही झेंडे एकाच वेळी तिरक्या दोऱ्यांवरून खाली आले आणि फाटक बंद झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीला निघण्याआधी हॉटेलच्या व्यवस्थापकांनी नदीकाठच्या आपल्या मामांच्या शेताविषयी सांगितले. काटेरी कुंपण सीमेच्या बरेच आत असल्यामुळे त्यांची काही जमीन कुंपणाच्या पलीकडे, तरीही भारतातच आहे. ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळेत, जवानांच्या देखरेखीखाली ट्रॅक्टर फाटकातून आत न्यायचा आणि वेळ संपायच्या आत परत आणायचा. आडोसा होईल अशी उंच पिके तेथे घेता येत नाहीत. रॅडक्लिफ यांची रेषा जिल्ह्यातालुक्यांच्या हद्दींवरून गेली आणि नदी आपले पात्र बदलत राहिली, म्हणून कालूवालासारखे गाव तीन बाजूंनी सतलज आणि चौथ्या बाजूने सरहद्द अशा कोंडीत आहे. बाबांनी हे सारे वहीत उतरवून घेतले आणि व्यवस्थापकांचा फोन नंबरही घेतला.

त्या वर्षीच्या २३ मार्चला बाबा पुन्हा वाड्यात मुलांपुढे बोलले. फळ्यावर त्यांनी सतलज काढली, बंधारा काढला, रेषा काढली आणि बारा गावांसाठी बारा ठिपके दिले. त्या दिवशी त्यांची हकिगत फाशीच्या पुढे पाऊण तास चालली.

जुलैमध्ये सतलजला पूर आला. हुसैनीवालाचे दरवाजे उघडल्याची आणि काठावरची गावे पाण्याखाली गेल्याची बातमी ऐकून बाबांनी फिरोजपूरला फोन लावला. मामांचे भात गेले होते, माणसे आणि जनावरे आधीच हलवली होती. बोलणे संपता संपता व्यवस्थापकांनी विचारले की तुमच्याकडच्या नदीला पाणी किती आहे. बाबा फोन कानाला लावूनच अंगणात गेले, भीमेच्या दिशेने पाहिले आणि म्हणाले, "चढते आहे, पण अजून पात्रातच आहे."