रास्पबेरी पायवरून पीटीटी: बूट होतानाच रिग की का झाली

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता पाय) आणि रिग, म्हणजे माझा हौशी रेडिओ संच, यांची जोडणी एकदाची झाली. फ्रिक्वेन्सी नि मोड यूएसबी केबलमधून, हॅमलिब या रेडिओ नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने. ते पहिल्याच दिवशी चाललं. पीटीटी (पुश-टू-टॉक, रिगला ट्रान्समिटवर नेणारा संकेत) मात्र मी वेगळ्या वायरने घेतली: पायच्या जीपीआयओ ४ या पिनवरून २एन७००० मॉसफेटचं (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) गेट; पिन हाय झाली की मॉसफेट रिगची पीटीटी लाइन ग्राउंडला ओढतो आणि रिग ट्रान्समिट करते.

पायला पॉवर दिली आणि रिग लगेच की झाली, म्हणजे ट्रान्समिटवर गेली! प्रोग्राम अजून सुरूही झाला नव्हता. अँटेनाच्या जागी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता पॉवर जिरवणारा रेझिस्टर) होता म्हणून बरं.

कारण सापडायला अख्खी संध्याकाळ गेली. पायला पॉवर मिळताच जीपीआयओ ० ते ८ या पिनांना आतून पुल-अप (पिन हायकडे ओढणारा रेझिस्टर) असतो, ९ ते २७ ना पुल-डाउन (लोकडे ओढणारा). हा पुल-अप साधारण ५० किलोओहमचा, म्हणजे अगदी कमजोर. पण मॉसफेटच्या गेटला करंट लागतोच कुठे? तेवढ्यानेच तो चालू झाला. वायर जीपीआयओ १७ वर नेली, शिवाय गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. बूट होताना रिग आता गप्प असते.

मग दुसरी शंका आली. ट्रान्समिट चालू असताना प्रोग्रामच गोठला तर? मुद्दाम गोठवून पाहिला. पिन हाय होती ती हायच राहिली, रिग ट्रान्समिटवर अडकली. कॉलसाइन (रेडिओ परवान्याचं ओळखचिन्ह) माझं आहे. मी खोलीत नसताना बँडवर काय जातं, त्याला मीच जबाबदार. हे असं सोडून चालणार नव्हतं.

म्हणून आता पिन नुसती हाय ठेवत नाही. प्रोग्रामचा मुख्य लूप ती सेकंदाला सुमारे ५०० वेळा खाली-वर करतो. पुढे ३३० ओहम, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन १एन४१४८ डायोड आणि १० मायक्रोफॅरडची साठवण. कपॅसिटरमधून स्थिर व्होल्टेज पुढे जात नाही, त्यामुळे पिन हलती असेल तरच साठवणीत व्होल्टेज टिकतं. दोन डायोडांनंतर जेमतेम २ व्होल्ट उरतात, मॉसफेटला ते भरवशाचे नाहीत. म्हणून तो काढून बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर बसवला, त्याच्या बेसला १० किलोओहम. इथे हार्डवेअर पीडब्ल्यूएम (प्रोग्रामशिवाय चिपच पिन खाली-वर करते ती सोय) अजिबात वापरू नका: प्रोग्राम मेला तरी तो चालूच राहतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

काल वीसेक वेळा प्रोग्राम गोठवला. प्रत्येक वेळी रिग लगेच रिसीव्हवर परतली. फार समाधान वाटलं.

आता अँटेना लावून २० मीटर बँडवर. ५ वॉटला सगळं सुरळीत आहे, पॉवर वाढवली की यूएसबी तुटते. केबलवर फेराइट (रेडिओचा गोंधळ अडवणारे चुंबकीय गाभे) चढवायला घेतलेत.