तुम्ही विचारलंत म्हणून: शुक्रवार पेठेतलं घर आम्ही का विकलं

कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही कुणीतरी विचारतंच. "आजोबांनी बांधलेलं घर, ते पण कमी किमतीला का विकलासा? भाड्यानं तरी द्यायचं." बहुतेकांनी मनात उत्तर धरलेलं असतं: आईचं आजारपण, म्हणजे पैसे लागले असणार. तसं नाही. आईचं डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होत होतं. वरच्या औषधांचा, रिक्षाचा खर्च होता, पण त्यापायी घर विकायची वेळ आली नव्हती. घर विकलं ते डायलिसिस केंद्रापर्यंतच्या रस्त्यासाठी.

आमचं घर जामदार क्लबच्या खालच्या अंगाला, पंचगंगा नदीच्या बाजूला. पावसाळ्यात आमच्या गल्लीत लोक उठल्या उठल्या नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ झाले की धान्य माळ्यावर, ४१ ला फ्रिज टेबलावर, त्याच्या पुढं गाड्या उंचावर नेऊन लावायच्या. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही मामाकडं राहिलो, परत येऊन चिखल उपसला, भिंती धुतल्या, पुन्हा चूल पेटवली. घर सोडायचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. वडील होते तेव्हा, आणि आई धडधाकट होती.

२०२१ च्या मार्चमध्ये आईचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्यावर बोटं ठेवली की आत रक्ताची थरथर लागते. ती लागते का हे रोज सकाळी बघायचं, त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा-आमटी आली. पांढऱ्या रश्श्यावर जीव असलेली ही बाई नारळ, केळं, टोमॅटो सगळं सोडून बसली. वडील गेल्यावर सहा महिन्यांत हे सगळं अंगावर आलं, तरी तिने कुरकुर केली नाही.

आणि जुलैत पाणी आलं. गुरुवारी, २२ तारखेला रात्री उंबऱ्याशी लागलं, पहाटेपर्यंत जिना धरला. शुक्रवारचं डायलिसिस चुकलं. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली की शहराचे नळ बंद होतात, आणि एका डायलिसिसला शुद्ध केलेलं सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. मी डायलिसिस केंद्रात फोन केला तेव्हा भीती हीच होती. तिकडून सिस्टर म्हणाल्या, "टँकर आलाय, मशीन तयार आहे, तुम्ही आईंना आणा." टँकर पोहोचला होता. आई पोहोचत नव्हती.

ती रात्र मी विसरू शकत नाही. आईला आडवं होता येईना. झोपली की दम लागायचा, म्हणून पाठीशी उशा लावून बसवलं. डायलिसिस चुकलं की अंगातलं पाणी छातीत उतरतं आणि पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. मी मोबाईलच्या उजेडात जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, अजून किती वर आहेत. खाली पाणी, आईच्या अंगात पाणी. शनिवारी सकाळी बोट आली. दोघा जवानांनी तिला खिडकीतून घेतलं, आणि ती एकच गोष्ट सांगत होती, "ह्यो हात धरू नकासा." डावा हात तिने डोक्यावर धरला होता, केंद्र येईपर्यंत.

पूर ओसरल्यावर चिखल काढता काढताच मी ठरवलं. भाड्यानं दिलं असतं तर? पहिली गोष्ट, दुसरं घर घ्यायला तेच पैसे लागणार होते. दुसरी, जिथं मी आईला ठेवायला घाबरतो तिथं दुसऱ्याची आई ठेवून भाडं कसं घेऊ?

कागदांनी वेळ खाल्ला. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव होतं. वारस नोंद, मग आत्याचं हक्कसोडपत्र. आत्या गडहिंग्लजहून एसटीने आली, सही केली, मोबदला म्हणून रुपया घेतला नाही. परतताना एवढंच म्हणाली, "पंचमीला आता कुठं येऊ रे?" मी म्हणालो आई आहे तिथं. तिने मान हलवली, पण तिला घर हवं होतं, हे मला कळत होतं.

एजंट म्हणाला, आधी रंग काढून घ्या. २०२१ च्या पाण्याची रेघ भिंतीवर छातीएवढी होती. मी रंग दिला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ती रेघ दाखवली आणि तीन गिऱ्हाइकं त्या रेघेवरनंच परत गेली. चौथ्याने खाली नुसतं पार्किंग सोडून वर बांधायचं ठरवलं आणि गल्लीतल्या भावाच्या पाचव्या हिश्श्याने कमी देऊन घेतलं. तुम्ही म्हणता ते "कमी" हेच. मला त्याची रुखरुख नाही.

खरेदीखताची तारीख डायलिसिसचा वार टाळून, मंगळवारची घेतली. दुय्यम निबंधकांसमोर डाव्या अंगठ्याचा ठसा मागितला तेव्हा आईने सवयीने हात मागं घेतला. मग माझ्याकडं बघून स्वतःच पुढं केला.

राजारामपुरीत लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. केंद्र रिक्षाने दहा मिनिटांवर. दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतल्यामुळं भांडवली नफ्याचा कर लागला नाही. आईला पहिले काही महिने करमलं नाही. घाटावरची घंटा ऐकू येत नाही म्हणायची, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

२०२४ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा धोका पातळीच्या वर होती. शुक्रवार होता. आई पिशवी भरून, डाव्या हाताला शाल गुंडाळून दारात उभी होती आणि फोनवर जुन्या शेजारणीला विचारत होती, "क्लबापाशी आलं का गं? मग तू माळ्यावर नको थांबू, इकडं ये. मी चार तासांत येतो."