तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा भोगून आलेला माणूस गुऱ्हाळावर

"वहिनी, खुनाच्या केसमधून सुटून आलेल्या माणसाला तुम्ही कामावर कसं ठेवलंत?" करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावर गूळ न्यायला आलेले पाहुणे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

बांधाच्या भांडणात त्याच्या हातून भावकीतला एक जण गेला. कोर्टाने सदोष मनुष्यवध धरला. शिक्षा पुरी भोगून तो कळंबा जेलमधून सुटला. आधी एमआयडीसीत वॉचमनचं काम बघितलं, पण तिथे पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. गावात कुणी दाखला मागत नाही, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. त्यानं काम मागितलं की शेतकरी "बघू, सांगतो" म्हणायचे आणि बाहेरची मजुरांची टोळी आणायचे. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने असा माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी आमदारकीलासुद्धा उभा राहू शकतो. शेजारच्या रानात भांगलायला मात्र त्याला कुणी बोलवत नाही.

त्याला होय म्हणण्याआधी मी गेलेल्या पोराच्या आईकडे गेले. दोन्ही घरं एकाच गल्लीत आहेत, तिला न विचारता ठेवणं मला पटलं नसतं. म्हातारी शेंगा फोडत बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोटाला मिळवू दे. माझ्या दारावरनं जाऊ नको म्हणावं." तेव्हापासून तो ओढ्याकडच्या लांबच्या वाटेनं कामाला येतो. तिनं माफ केलेलं नाही. ते मागायचा मला अधिकारही नव्हता, मी कामापुरतं विचारायला गेले होते.

पहिल्या हंगामात त्याला चुलवाणात, म्हणजे रसाच्या काहिलीखालच्या भट्टीत, चिपाड (रस काढून वाळलेला ऊस) घालायला ठेवलं. वर काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभा असलेला गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, "जाळ कमी" म्हणाला की खालचा हात लगेच थांबला पाहिजे, नाहीतर रस करपतो, गूळ काळा पडतो आणि मार्केट यार्डात भाव मिळत नाही. गुळव्या सुरुवातीला त्याच्याशी तेवढंच बोलायचा. हंगाम सरत आला तेव्हा उकळत्या रसावरची मळी काढायला त्याला वर बोलावलं ते गुळव्यानंच, मी काही सांगितलं नव्हतं.

मजुरी पहिल्या दिवसापासून इतरांएवढी, आठवड्याच्या हिशेबाला सगळ्यांसमोर हातात. गरजू आहे, स्वस्तात मिळतोय म्हणून असा माणूस ठेवणारे मी पाहिलेत. त्याला उपकार म्हणत नाहीत, ती लूट आहे.

पण गुऱ्हाळ पेटतं दिवाळीच्या सुमाराला आणि उन्हाळ्यात बंद होतं. पावसाळ्यात माझ्याकडे त्याला द्यायला काम नाही. एक म्हैस घेऊन डेअरीला दूध घालायचं त्याच्या मनात आहे. कर्जाला दोन जामीनदार लागतात. एक मी राहिले आहे, दुसरं कुणी अजून पुढे आलेलं नाही. म्हणून हल्ली हा प्रश्न कुणी विचारला की मी उत्तर देते आणि लगेच विचारते, सही करायला याल का?